तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर: कलम ४५ आणि आयुर्विम्याचा डेथ क्लेम

डेथ क्लेमचे कागद कंपनीत पोचले की आधी तारखा बघितल्या जातात, मृत्यूचं कारण त्यानंतर. पॉलिसी तीन वर्षांहून जुनी असेल तर फाइल सरळ पेमेंटच्या रांगेत लागते. तीन वर्षांच्या आतली असेल तर तिच्यावर ‘अर्ली क्लेम’चा शिक्का बसतो आणि चौकशी लागते. ही चौकशी ठरलेलीच असते. ती लागली म्हणून घरच्यांनी लगेच धसका घ्यायचं कारण नाही, आणि ‘सगळं खरं आहे, आपोआप होईल’ म्हणून निर्धास्त राहायचंही नाही.

हे सगळं विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ वर चालतं. २०१५ च्या दुरुस्तीआधी मुदत दोन वर्षांची होती, पण त्यानंतरही फसवणूक दाखवून कंपनीला पॉलिसी मोडता यायची. आता मुदत तीन वर्षांची आहे आणि ती उलटली की पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही, फसवणुकीच्या कारणानेसुद्धा नाही. म्हणजे कंपनीला एक वर्ष जास्त मिळालं आणि त्या बदल्यात नंतरचं दार पक्कं बंद झालं. त्यामुळे तीन वर्षं नेमकी कुठून मोजायची, यावरच पुष्कळ क्लेम तरतात किंवा बुडतात.

तीन वर्षं कुठून मोजायची

कायद्यात चार तारखा आहेत: पॉलिसी जारी झाल्याची, जोखीम (म्हणजे विमा संरक्षण) सुरू झाल्याची, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची, आणि रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जास्तीचं संरक्षण) जोडला असेल तर त्याची. यातली जी सगळ्यात उशिराची, तिथून तीन वर्षं.

समजा, जोखीम १० ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली आणि पॉलिसी जारी झाली १८ ऑगस्टला. मुदत १८ ऑगस्ट २०२१ पासून मोजायची. कमी वयाचा प्रीमियम बसावा म्हणून काही एजंट पॉलिसी ‘डेट बॅक’ करून देतात. जानेवारीत घेतलेल्या पॉलिसीवर आदल्या वर्षीच्या जूनची तारीख पडते. घरचे जूनपासून मोजतात आणि तीन वर्षं झाली असं धरून चालतात. पण पॉलिसी जारी झाली जानेवारीत, म्हणून मोजणीही जानेवारीपासून.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती रिव्हायव्हलमध्ये, म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करण्यात. मुंबईत हे कसं घडतं बघा. नोकरी बदलली, जुनं सॅलरी अकाउंट रिकामं राहिलं, एनएसीएचचा (खात्यातून आपोआप कापला जाणारा) हप्ता बाऊन्स झाला. प्रीमियमची सूचना जुन्या पत्त्यावर गेली, कारण मधल्या काळात परळची खोली सोडून बिऱ्हाड डोंबिवलीला गेलं होतं. ग्रेस पिरियड उलटला (हप्ता भरायची सवलतीची मुदत: मासिक हप्त्याला १५ दिवस, बाकीच्यांना ३०) आणि पॉलिसी लॅप्स झाली. वर्षभराने एजंटने आठवण केली, थकबाकी व्याजासकट भरली, एका फॉर्मवर सही केली आणि पॉलिसी पुन्हा चालू. तो फॉर्म म्हणजे प्रकृती उत्तम असल्याचं निवेदन. एलआयसीत त्याचा नंबर ६८०. पॉलिसी दहा वर्षं जुनी असली तरी रिव्हायव्हलच्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मधल्या वर्षांत शुगर निघाली असेल, अँजिओग्राफी झाली असेल आणि त्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिलं असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा खराखुरा प्रपोजल फॉर्म (पॉलिसी घेतानाचा अर्ज) अशा वेळी फारसा कामाला येत नाही.

हप्ता ग्रेस पिरियडमध्ये भरला तर यातलं काही होत नाही, मुदत जुनीच चालू राहते. ग्रेसमध्ये मृत्यू झाला तरी क्लेम मिळतो, फक्त राहिलेला हप्ता त्यातून कापतात. म्हणून पॉलिसी तीन वर्षांची होईपर्यंत (आणि खरं तर नंतरही) ज्या खात्यात पगार येतो त्याच खात्यावर मँडेट (हप्ता कापायची परवानगी) ठेवा. बँक बदलली की त्याच आठवड्यात नवा मँडेट द्या.

मोजणीचा दुसरा टोकाचा दिवसही महत्त्वाचा. पॉलिसीला आव्हान कधी दिलं, याबद्दल कायदा बोलतो. मृत्यू कधी झाला, याबद्दल नाही. तीन वर्षं उलटल्यानंतरची तारीख नकाराच्या पत्रावर असेल, तर तक्रारीत तोच मुद्दा सगळ्यात वर लिहा. पण याचा अर्थ क्लेमची सूचना मुद्दाम दाबून ठेवायची असा काढू नका. उशिराची सूचना स्वतःच संशयाचा विषय होते आणि तोवर दवाखान्यातले कागद मिळायचे बंद होतात.

कंपनी कोणत्या दोन कारणांनी नाकारू शकते

तीन वर्षांच्या आत कंपनीकडे दोन वाटा आहेत आणि दोन्हींचे परिणाम वेगळे.

पहिली वाट फसवणुकीची, पोटकलम २. विमेदाराने कंपनीला फसवण्याच्या हेतूने खोटं सांगितलं किंवा माहीत असलेलं लपवलं, असं कंपनीचं म्हणणं. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे असं कायदाच म्हणतो. बोलणं कर्तव्यच होतं अशी परिस्थिती असेल तरच ते फसवणुकीत मोडतं. पण विमेदार हयात नसेल तर फसवणूक नव्हती हे दाखवायचा भार वारसांवर येतो. आणि या वाटेने नाकारलं तर भरलेले हप्ते परत करायचं बंधन कंपनीवर नाही.

दुसरी वाट पोटकलम ४ ची: फसवायचा हेतू नसेल, पण आयुर्मानाशी संबंधित महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगितली किंवा सांगितलीच नाही. इथे कंपनीला नाकारल्यापासून ९० दिवसांत सगळे हप्ते परत करावे लागतात. शिवाय ही गोष्ट आधी कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवायचा भार कंपनीवर आहे. वारसांच्या हातातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच, आणि तक्रारीत तो फारच क्वचित मांडलेला दिसतो. ४० वर्षांच्या माणसाला गोळीने ताब्यात असलेला रक्तदाब असेल, तर कंपन्या सहसा थोडा जादा प्रीमियम लावून पॉलिसी देतात. मग ‘दिलीच नसती’ हे कशावरून? ‘तुमच्या अंडररायटिंगच्या (जोखीम तोलण्याच्या) नियमांत हा आजार असलेल्याला नकार आहे की जादा प्रीमियम, ते लेखी द्या’ असं पत्र कंपनीला जरूर पाठवा.

‘आजार वेगळा आणि मृत्यू वेगळ्याच कारणाने, मग क्लेम का नाकारायचा?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर सरळ नाही. कायदा बघतो ते कंपनीने जोखीम घेतानाचं चित्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका प्रकरणात कमरेच्या मणक्याचं दुखणं न सांगितल्यावरून हृदयविकाराने झालेल्या मृत्यूचा क्लेम नाकारणं चूक ठरवलं. २०१९ च्या एका प्रकरणात मात्र दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतल्याचं सांगितलं नव्हतं, तेवढ्यावरून नकार योग्य ठरला. २०२५ मध्ये एक मोठी पॉलिसी सांगितली होती आणि छोट्या छोट्या राहून गेल्या होत्या, तिथे न्यायालयाने वारसांच्या बाजूने निकाल दिला. आधीच्या पॉलिसींचा रकाना लोक ‘नाही’ म्हणून सोडून देतात, तो किती जड पडतो हे यावरून दिसेल.

फॉर्म भरतानाच क्लेमची निम्मी लढाई

हल्ली प्रपोजल फॉर्म एजंट किंवा बँकेतला माणूस टॅबवर भरतो, तुमच्याकडे फक्त ओटीपी मागतो. ओटीपी सांगितला की सगळ्या उत्तरांवर तुमची सही झाली. त्यामुळे ओटीपी देण्याआधी आरोग्याची पानं उघडून वाचा. गेल्या काही वर्षांतली प्रत्येक अ‍ॅडमिशन, प्रत्येक चालू गोळी, आधीच्या सगळ्या पॉलिसी (ऑफिसची सोडून इतर, आणि फॉर्म विचारत असेल तर तीही), नाकारलेला किंवा जादा प्रीमियम लावलेला आधीचा प्रस्ताव, आई-वडिलांचे आजार. तंबाखूच्या प्रश्नात सिगारेटबरोबर गुटखा, मळलेली तंबाखू आणि मिश्रीही येते. ‘मी कुठे ओढतो’ म्हणून ‘नाही’ लिहिणारे मिश्री लावणारे पुष्कळ असतात. लघवीच्या निकोटीन तपासणीला मात्र तंबाखू तोंडातून गेली की धुरातून, याचा फरक कळत नाही.

मराठीत सही करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंग्रजी फॉर्मवर मराठी सही किंवा अंगठा असेल, तर ‘मी यांना सगळे प्रश्न त्यांच्या भाषेत समजावून सांगितले’ असं तिसऱ्या व्यक्तीचं निवेदन फॉर्मवर लागतं. ते कोरं असेल, किंवा त्या जागी ओळखदेखही नसलेल्या माणसाची सही असेल, तर पुढे वारसांना तो मुद्दा मांडता येतो. कलम ४५ मध्येच असंही म्हटलंय की विमा विकायला आलेला आणि बोलणी करणारा माणूस करारापुरता कंपनीचा एजंट धरायचा. एजंटला शुगरची गोळी माहीत होती आणि त्यानेच ‘लिहू नका, कटकट होते’ म्हटलं, याचा व्हॉट्सअ‍ॅपवर पुरावा असेल तर ‘कंपनीला माहीत होतं’ असा दावा उभा राहतो. तोंडी आठवणीवर तो टिकणं कठीण.

पॉलिसी बॉण्डबरोबर प्रपोजल फॉर्मची प्रत येते. ती त्याच दिवशी वाचा. बॉण्ड हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लुक असतो, त्यात पॉलिसी परत करता येते. फ्री लुक उलटून गेला आणि नंतर चूक लक्षात आली, तर कंपनीला ईमेलने खरी माहिती कळवा. फार तर प्रीमियम वाढेल किंवा पॉलिसी रद्द होऊन हप्ते परत येतील. हे सगळं विमेदार हयात असताना झालं तर नवी पॉलिसी शोधायला वेळ मिळतो.

क्लेम लावताना

सूचना आधी, कागद मागून. पॉलिसी नंबर, मृत्यूची तारीख, ठिकाण आणि नॉमिनीचं नाव एवढं लिहून ईमेल करा, किंवा शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. पोचेवरची तारीख जपा, कारण मुदती तिथून धावतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे चौकशी न लागणारा डेथ क्लेम १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकालात काढायचा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज द्यावं लागतं.

अर्ली क्लेममध्ये नेहमीच्या फॉर्मखेरीज जास्तीचे फॉर्म येतात. एलआयसीत ३७८३ हा नॉमिनीचा, ३७८४ शेवटच्या डॉक्टरचा, ३८१६ हॉस्पिटलचा, ३७८५ अंत्यसंस्काराला हजर असलेल्या माणसाचा आणि नोकरी असेल तर ३७८७ मालकाचा. खासगी कंपन्यांचे नंबर वेगळे, मागणी साधारण हीच.

महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, कायद्यानेच तशी मनाई आहे. म्हणून कंपनी वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळं मागते: हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला असेल तर फॉर्म ४, घरी झाला असेल तर ४ अ. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर हॉस्पिटलने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. मृतदेह ताब्यात घेताना हे कुणाला सुचत नाही, म्हणून बरोबर आलेल्या एखाद्या शेजाऱ्याला किंवा मित्राला ती मागायला सांगा. घरी मृत्यू झाला आणि डॉक्टरने नुसतं ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलं, तर कंपनी पुन्हा विचारणारच, कारण हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो. त्यामागचा आजार डॉक्टरने लिहायला हवा.

अपघात असेल तर एफआयआर किंवा अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट लागतो. लोकलमधून पडून किंवा रूळ ओलांडताना मृत्यू झाला तर हे कागद लोहमार्ग पोलिसांकडून मिळतात, घराजवळच्या पोलीस ठाण्यातून नाही. पोस्टमॉर्टेम रिपोर्टवर ‘मृत्यूचे कारण राखून ठेवले, व्हिसेरा जतन’ असं असेल, तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल यायला महिने जातात. कंपनी तोवर थांबते. पोलीस ठाण्यातून प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक मागून घ्या, पाठपुरावा त्याच्याच जोरावर होतो. रूळांवरच्या मृत्यूत आत्महत्येची शंका काढली जाते, तिचा कलम ४५ शी संबंध नाही. पहिल्या १२ महिन्यांतल्या आत्महत्येसाठी पॉलिसीत वेगळी अट असते आणि त्यात पूर्ण विमा रक्कम मिळत नाही.

चौकशी करणारा घरी आला तर

तो बहुतेक वेळा कंपनीचा नोकर नसतो, कंपनीने नेमलेल्या एजन्सीचा असतो. आधी ओळखपत्र आणि नेमणुकीचं पत्र बघा, फोटो काढून ठेवा. तो घरी येण्याआधी कदाचित नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला, फॅमिली डॉक्टरला आणि खालच्या मजल्यावरच्यांना विचारूनही आलेला असतो. ऑफिसातली आजारपणाची रजा, मेडिक्लेमचे जुने क्लेम, जवळच्या हॉस्पिटलचे ओपीडी पेपर, हे सगळं तो चाळतो.

त्याला सहकार्य करा, पण अंदाज सांगू नका. ‘बहुतेक बीपी होतं, गोळी घ्यायचे वाटतं’ हे वाक्य जबाबात ‘पत्नीच्या म्हणण्यानुसार विमेदारास उच्च रक्तदाब होता’ असं उतरतं. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणा. जबाब मराठीत स्वतःच्या हाताने लिहा, किंवा तो लिहीत असेल तर प्रत्येक पान वाचून सही करा. कोऱ्या कागदावर सही नको. सही केलेल्या पानांचा मोबाइलवर फोटो घ्या. ‘रिपोर्ट चांगला देतो, काहीतरी बघा’ असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका, कंपनीला लेखी कळवा.

कंपनीचा सगळा नकार कधीकधी हॉस्पिटलच्या केस पेपरवरच्या एका ओळीवर उभा असतो: ‘के/सी/ओ डीएम, ५ वर्षे’, म्हणजे पाच वर्षांपासून मधुमेह. ही ओळ रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने कॅज्युअल्टीत, गोंधळलेल्या मेव्हण्याला विचारून लिहिलेली असू शकते. हिस्ट्री कुणी सांगितली ते केस पेपरवर बघा. ती चूक असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून ‘ही माहिती नातेवाइकाने सांगितली, जुन्या उपचाराची कागदपत्रे आम्ही पाहिली नाहीत’ असं लेटरहेडवर घ्या. एचबीए१सी (शुगरची तपासणी) किंवा जुने तपासणी अहवाल मधुमेह नसल्याचं दाखवत असतील तर ते जोडा. पाच वर्षांचा मधुमेह खरंच असेल, तर कुठलं तरी प्रिस्क्रिप्शन, कुठला तरी रिपोर्ट सापडायला हवा. तो कंपनीला सापडला का, हे विचारा.

नकाराचं पत्र आलं तर

पत्रात कारणं आणि ज्या कागदांवर निर्णय घेतला ते कागद लेखी कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. ‘महत्त्वाची माहिती लपवली’ एवढीच ओळ असेल तर कागदांची प्रत मागा. पोटकलम २ लावलंय की ४, ते बघा. फसवणूक म्हटलं असेल तर हेतू कशावरून, हा प्रश्न. ४ म्हटलं असेल तर हप्त्यांचा परतावा ९० दिवसांत आला का, हा प्रश्न. परतावा न विचारता खात्यात जमा झाला तर ‘हक्क राखून स्वीकारत आहे, क्लेम सोडलेला नाही’ असा ईमेल त्याच दिवशी पाठवा. ‘फुल अँड फायनल’च्या पावतीवर सही करू नका.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. बरोबरीने आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंदवा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा नकारच आला तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे, पण एम पूर्व, एम पश्चिम, एन, एस आणि टी हे वॉर्ड, म्हणजे चेंबूर-गोवंडीपासून घाटकोपर, भांडुप, मुलुंडपर्यंतचा भाग, तसंच ठाणे, नवी मुंबई, रायगड आणि पालघर ठाण्याच्या कार्यालयाकडे येतात. लोकपालाकडे फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते. नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर पुढची वाट मोकळी राहते.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे. कुठल्या आयोगात जायचं ते भरलेल्या हप्त्यांवरून ठरतं, विमा रकमेवरून नाही. त्यामुळे एक कोटीच्या टर्म पॉलिसीचा वादही सहसा जिल्हा आयोगातच लागतो, आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाखल करता येतो. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. आयोगात तक्रार दाखल असेल तर लोकपाल ती घेत नाहीत. रक्कम ५० लाखांच्या आत आणि मुद्दा कागदांवर स्पष्ट होणारा असेल, तर आधी लोकपाल. डॉक्टरची उलटतपासणी लागणार असेल तर थेट आयोग बरा.